कुंदामावशींची पसंती

आमच्या टाउनशिपमध्ये निवडणुकीला उभं राहायचं असेल, तर आधी कुंदामावशींचे पोहे खावे लागतात.

तुम्हाला वाटेल मी थट्टा करते आहे. नाही हो. अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराची हद्द संपली की मक्याच्या शेतांच्या मधोमध काही नव्या वसाहती लागतात, तिथे आम्ही राहतो. इथे आमचा एक छोटासा राजकीय क्लब आहे. अर्धे अमेरिकन, अर्धे आपले. दर निवडणुकीला कुठल्या उमेदवाराला पाठिंबा द्यायचा आणि मतपत्रिकेवरच्या कुठल्या प्रस्तावाला हो म्हणायचं, हे हा क्लब ठरवतो आणि एक गुलाबी कार्ड छापून दारोदार अडकवतो. लोक त्या कार्डाला हसतात आणि तेच कार्ड हातात घेऊन मतदानाला जातात. टाउनशिपच्या ट्रस्टीपासून, म्हणजे आपल्याकडच्या पंचायत सदस्यापासून, लायब्ररी बोर्डापर्यंत इतकी नावं असतात, की प्रत्येकाची माहिती कोण वाचत बसणार? म्हणून त्या कार्डावर नाव यावं यासाठी उमेदवारांची धडपड चालते. नाव यायचं तर एंडोर्समेंट कमिटीपुढे मुलाखत द्यावी लागते. आणि त्या कमिटीच्या अध्यक्ष आहेत कुंदामावशी. झालं!

मावशींनी साताऱ्यात वीस-बावीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं होतं. अर्ध्या जिल्ह्याची लग्नं आपण जुळवली, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते खोडून काढायला इथे कोणी नाही. मग मुलगा नितीन इकडे आला, त्याच्यामागून मावशी आणि काका आले, नागरिक झाले. त्यानंतर नितीन नोकरीसाठी सिॲटलला गेला आणि तीन वर्षांपूर्वी काका गेले. मावशी मात्र इथेच राहिल्या. क्लबची अध्यक्ष लिंडा, एक निवृत्त शिक्षिका, एकदा सह्या गोळा करायला त्यांच्या दारात गेली आणि दोन तासांनी चकलीची पाककृती आणि एक नवी सभासद घेऊन बाहेर पडली.

एंडोर्समेंट म्हणजे काय, हे लिंडाने मावशींना समजावलं. मावशींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे स्थळ बघायचं. मग सरळ सांग की बाई."

तेव्हापासून आमच्याकडे उमेदवार बघण्याचा कार्यक्रम होऊ लागला. मावशींच्या बैठकीच्या खोलीत, चार वाजता, कांदेपोहे आणि चहा. उमेदवार एकटा खुर्चीवर आणि समोर सोफ्यावर आम्ही कमिटीवाले दाटीवाटीने. मी त्या कमिटीची सेक्रेटरी आहे. मला कोणी विचारलं नव्हतं. एका मीटिंगला मी उशिरा पोचले, तोपर्यंत माझी निवड झालेली होती.

मावशींची पहिली परीक्षा पोह्यांची. मिरची बाजूला काढून ठेवणाऱ्याबद्दल त्यांना काही वाटत नाही. पण मिरची रुमालात गुंडाळून लपवणारा त्यांच्या मनातून साफ उतरतो. "आज मिरची लपवतो, उद्या हिशोब लपवेल," असं त्या माझ्या कानात सांगतात आणि समोर बघून गोड हसतात. मग प्रश्न सुरू. त्यांचं इंग्रजी खणखणीत आहे, फक्त त्याला व्याकरणाची भीड नाही.

"मिस्टर रॉजर, हू ऑल आर देअर इन युअर हाउस?"

रॉजर ट्रस्टीच्या जागेसाठी उभे होते. त्यांनी रस्त्यांची आणि सांडपाण्याची तयारी करून आणली होती. ते गडबडले आणि बायको, दोन मुली आणि एक म्हातारा कुत्रा अशी यादी सांगू लागले.

"अँड यू आर शांत ऑर शॉर्ट टेम्पर?"

यावर रॉजरनी खरं सांगितलं, की लोकांसमोर शांत आणि कॉम्प्युटरसमोर शॉर्ट टेम्पर. मावशींनी त्यांना आणखी पोहे वाढले.

मुलाखतीनंतर मावशी उमेदवाराला कधीच काही सांगत नाहीत. "वी विल कळवू," इतकंच. मग त्यांची खरी कामगिरी सुरू होते, ती म्हणजे चौकशी. लग्नाच्या वेळी मुलाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे करतात ना, तशी. फोन फिरवायचा. उमेदवाराच्या शेजाऱ्याला, त्याच्या जुन्या साहेबाला, त्याच्या मुलांच्या शाळेतल्या कोणाला तरी. हा माणूस घरापुढच्या फुटपाथवरचा बर्फ काढतो का? फक्त स्वतःपुरता काढतो की शेजारच्या म्हातारीचाही? एका अत्यंत हुशार, देखण्या, वक्तृत्व गाजवणाऱ्या उमेदवाराला मावशींनी याच मुद्द्यावर नापास केलं होतं. आम्ही हळहळलो. मावशी म्हणाल्या, "दिसायला छान आहे गं, पण नांदवायचा नाही."

'नांदवणे' या क्रियापदाला इंग्रजीत काय म्हणतात, हे लिंडाने मला विचारलं होतं. मी अजून विचार करते आहे.

गेल्या वर्षी मात्र या सगळ्यात एक मोठा घोळ झाला. रॉजरच्या विरोधात कॅरल नावाच्या बाई उभ्या होत्या. त्या बघण्याच्या कार्यक्रमाला आल्या, पोहे आवडीने खाल्ले आणि जायला निघाल्या. मावशी म्हणाल्या, "थांब हं," आणि आत जाऊन हळदीकुंकू, तांदूळ, ब्लाउजपीस आणि नारळ घेऊन आल्या. कॅरलबाईंना उभं करून रीतसर ओटी भरली. काका गेल्यावर ओटी भरायची नाही, असलं काही मावशी मानत नाहीत. आम्हा कमिटीतल्या मराठी बायकांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आम्ही उलट कौतुकाने बघत होतो. बाईंचे डोळे पाणावले.

संध्याकाळी त्यांचा फोटो सगळीकडे झळकला. कपाळावर ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत नारळ आणि खाली लिहिलेलं, की क्लबने इतक्या हृद्य सोहळ्यात आपल्याला पाठिंबा दिला, त्याने आपण भारावून गेलो आहोत.

अगं आई गं! दुसऱ्या दिवशी सकाळी माझा इनबॉक्स भरून वाहत होता. कमिटीने अजून कोणाचंच नाव ठरवलं नसताना हा पाठिंबा आला कुठून, असं सभासद विचारत होते. रॉजरचा मेल सगळ्यात नम्र होता. आपण दोनदा पोहे घेतले, तरी आपल्याला नारळ का मिळाला नाही, आपलं काही चुकलं का, इतकंच त्यांनी विचारलं होतं.

मी तणतणत मावशींना फोन केला.

"त्यात काय झालं?" मावशी म्हणाल्या. "पहिल्यांदा घरी आलेली सवाशीण तशीच पाठवू? निवडणूक गेली खड्ड्यात."

"अहो मावशी, पण ती बाई उमेदवार आहे!"

"उमेदवार असली म्हणून सवाशीण नाही का?"

कप्पाळ! शेवटी मावशींनीच कॅरलना फोन करून सांगितलं, "नारळ इज फॉर यू. व्होट इज सेपरेट." कॅरलनी बिचारीने फोटो काढून टाकला. आणि कोणाच्या मनात अढी राहू नये म्हणून मावशींनी यच्चयावत उमेदवारांना माझ्या हस्ते नारळ पोचते केले. रॉजरनी तो ड्रिल मशीनने फोडला आणि पाणी निघाल्याचं फोन करून कळवलं.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही, कारण क्लबात प्रसाद आहे. प्रसाद मूळचा नागपूरचा, मोटार कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. माणूस सरळ, पण नियमाचा किडा. तो भर मीटिंगमध्ये म्हणाला, "मावशी, हे काय होऊन राहिलं? यार, लोक हसून राहिले आपल्याला. मुलाखती कोणाच्या घरी नकोतच. न्यूट्रल व्हेन्यू पाहिजे."

लिंडाला ते पटलं. मुलाखती आणि मीटिंगा लायब्ररीच्या हॉलमध्ये हलल्या. पण मला मावशींचा चेहरा दिसत होता. लायब्ररी त्यांच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे आणि मावशींना गाडी चालवता येत नाही.

काकांनी शिकवायचा प्रयत्न केला होता. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांची टपालपेटी गेली. दुसऱ्या दिवशी आपली स्वतःची गेली. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "कुंदा, मी आहे ना." आणि काका होते तोवर खरोखरच काही अडलं नाही.

काका गेल्यावर मावशींना कळलं, की आपण ज्या ठिकाणी राहतो तिथून पायी कुठेच जाता येत नाही. हमरस्त्याला फुटपाथ नाही. शहराची बस येते, पण आमच्या वसाहतींच्या अलीकडच्या चौकात, टाउनशिपची हद्द लागते तिथे वळसा घालून परत जाते. टॅक्सीच्या ॲपवर मावशींचा राग आहे. एकदा मागवली तर अर्धा तास आलीच नाही, आणि आली तेव्हा ड्रायव्हरने कानात इअरफोनची बोंडं घातलेली. "प्रवासभर एक शब्द बोलला नाही गं मेला. मी काय पार्सल आहे?"

आणि लिफ्ट मागायची म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. मागतच नाहीत. "तू त्या बाजूला जाणारच असशील तर," इथून सुरुवात आणि "नसशील तर राहू दे, माझं काही अडलं नाही," इथे शेवट. बरं, गाडीत रिकाम्या हाताने बसायचं नाही, हा नियम. डॉक्टरांकडे नेलं की अळूवड्या, दुकानात नेलं की नारळीपाक. तो डबा नाकारला तर पुढच्या वेळी त्या फोनच करत नाहीत, महिनाभर घरातले डाळ-तांदूळ पुरवतात.

तर लायब्ररीच्या मीटिंगांना त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं. अशाच एका दुपारी गाडीत त्यांनी विषय काढला.

त्या वर्षी मतपत्रिकेवर एक प्रस्ताव होता. टाउनशिपने घरपट्टीत थोडी भर घालून शहराची बस आपल्या वसाहतींपर्यंत आणावी का? हो किंवा नाही. मी तो वाचला होता आणि विसरलेही होते. आमच्याकडे दोन गाड्या आहेत.

"मुग्धा, त्या बसचं काय होईल गं?"

"काय माहीत. लोक नाही म्हणतील बहुतेक. टॅक्स वाढतो म्हटलं की संपलं."

मावशी म्हणाल्या, "बस आली नाही तर मला हे घर विकून नितीनकडे जावं लागेल. तो मागे लागलाय. त्याचंही बरोबर आहे. मागच्या थंडीत पाच दिवस घरात दूध नव्हतं, ते त्याला कळलं."

मी गाडी जवळजवळ रस्त्याच्या कडेला घातली. "दूध नव्हतं? मावशी, मला फोन नाही करायचा? मी काय मेले होते का?"

"बर्फ होता. तुला कशाला बाहेर काढायचं?"

"पण नितीन बोलावतोय तर जायचं. तिथे नातवंडं आहेत."

"आहेत ना, गोड आहेत. डिसेंबरात जाते की महिनाभर. पण तिथे मी नितीनची आई आहे, बाई. सकाळी सगळे निघून गेले की संध्याकाळपर्यंत त्या घराची राखण करते. इथे मी कुंदा देवधर आहे. इथे रॉजर मला घाबरतो." हे सांगताना त्यांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. "हे क्लबात कोणाला सांगायचं नाही. मला कोणाची कीव नको आहे. बस चांगली असेल तर लोकांनी बसकडे बघून हो म्हणावं. शपथ घे."

मी शपथ घेतली. मूर्खासारखी.

त्यानंतर मावशींनी बसचं स्थळही रीतसर बघितलं. प्रस्तावाचा सगळा मजकूर वाचून काढला. बसच्या ऑफिसात इतके फोन केले, की तिथली मुलगी "हॅलो" ऐकूनच "गुड मॉर्निंग मिसेस देवधर" म्हणायला लागली. शेवटी तिथला एक तरुण अधिकारी लायब्ररीत माहिती द्यायला आला. मावशींनी घरून डब्यात पोहे करून आणले होते. नकाशा दाखवून तो बिचारा आकडे सांगत होता.

"दॅट इज ऑल राइट," मावशी म्हणाल्या. "टू इयर्स आफ्टर, यू विल से नो पॅसेंजर आणि क्लोज करून टाकाल. दॅट इज द मेन क्वेश्चन. विल यू नांदवू इट?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तसं भाषांतर केलं. तो म्हणाला की हा करार पाच वर्षांचा आहे आणि त्याच्या आधी बस बंद करता येणार नाही. मावशींनी मान डोलावली. पण बस हवी की नको, यावर चकार शब्द काढला नाही. कॅरलच्या बुटांपासून लिंडाच्या सुनेपर्यंत जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेली बाई बसच्या बाबतीत अळीमिळी गुपचिळी. मला ते बघवत नव्हतं.

आता त्यांचा एक नियम सांगायला हवा. लायब्ररी बोर्डासाठी प्रसादची बायको स्नेहा उभी होती. तिची चर्चा निघाली तेव्हा मावशींनी प्रसादला सरळ उठवलं. "आपल्या घरचं स्थळ असलं की आपण बाहेर बसायचं. मंडळात माझा हाच शिरस्ता होता. माझ्या सख्ख्या भाचीच्या वेळी मी स्वयंपाकघरात बसले होते." प्रसाद म्हणाला की असं कुठेही लिहिलेलं नाही. मावशी म्हणाल्या, "मग लिही." लिंडाने खरोखरच तो नियम लिहून पास करून घेतला. प्रसाद तासभर पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत फुगून बसला होता. स्नेहाला पाठिंबा मिळाला, तरी त्याचा राग गेला नाही.

मग ती ऑक्टोबरची मीटिंग आली. गुलाबी कार्ड छापायला जायचं होतं. उमेदवारांची नावं भराभर पास झाली. मावशींच्या चौकशीत रॉजर वरचढ ठरले, कारण ते शेजारच्या म्हातारीच्या घरापुढचा बर्फ आधी काढतात आणि स्वतःच्या घरापुढचा नंतर. शेवटी राहिला बसचा प्रस्ताव. कार्डावर 'हो' छापायचं तर दोन तृतीयांश हात वर व्हायला हवे होते.

प्रसाद उभा राहिला. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलला, पण चांगला तयारी करून आला होता. आपल्याकडे घरटी दोन गाड्या आहेत. टॅक्स वाढणार. रिकाम्या बस फिरत राहणार. मग आपल्या लोकांकडे वळून मराठीत म्हणाला, "सांगा ना, बसणार कोण त्या बसमध्ये? एक माणूस दाखवा मला."

हॉलमध्ये बऱ्याच माना हलल्या. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. शपथ घेतलेली, म्हणून मी ओठ दाबून बसले आणि मावशींकडे बघितलं.

मावशी हळूच उठल्या. पदर सारखा केला, पर्स घेतली.

"मॅडम प्रेसिडेंट," त्या लिंडाला म्हणाल्या, "आय कॅनॉट ड्राइव्ह. इफ बस कम्स, आय विल बी फर्स्ट पॅसेंजर. सो धिस इज माय ओन हाउस मॅटर. आय विल सिट आउटसाइड."

आणि त्या चालू लागल्या. ज्या एका गोष्टीवर त्यांचं इथलं सगळं आयुष्य अवलंबून होतं, तिच्यासाठी स्वतःचा हातसुद्धा वर करायचा नाही म्हणून त्या दार ओढून घेऊन बाहेर गेल्या. मला रडूच कोसळलं. मी ते लपवलंही नाही.

लिंडाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाली की डॉक्टरांनी तिला आता अंधार पडल्यावर गाडी चालवू नको म्हणून सांगितलं आहे, आणि हे तिने अजून स्वतःच्या मुलीलाही सांगितलेलं नाही.

प्रसाद अजून उभाच होता. त्याने हातातले कागद टेबलावर ठेवले. मला वाटलं, आता हा आकडे सांगणार.

"माझी आई," तो म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आली होती. तिसऱ्याच महिन्यात म्हणाली, माझं तिकीट बदल. मला वाटलं, तिला अमेरिका आवडली नाही. मी म्हटलंही, की आई, घर एवढं मोठं आहे, एसी आहे, टीव्ही आहे, तुला काय कमी आहे?" "ती दिवसभर खिडकीत बसून राहायची. मी आलो की विचारायची, आज कुठे जाऊन राहिलो का रे आपण? मी थकलेला असायचो यार."

तो खाली बसला. लिंडाने प्रस्ताव मताला टाकला. पहिला हात प्रसादचा होता. मग एकेक करत हात वर गेले. सगळे नाही, पण पुरेसे.

मावशी बाहेर बाकावर ताठ बसल्या होत्या. समोर मुलांच्या पुस्तकांची मांडणी होती, तिच्याकडे बघत. मी जाऊन सांगितलं, "झालं. कार्डावर 'हो' येणार."

त्यांनी माझ्या लाल डोळ्यांकडे संशयाने बघितलं. "तू काही बोललीस का? कोणी माझी कीव करून हात वर केला असेल तर लिंडाला सांग, पुन्हा मत घ्या."

"मी एक अक्षर बोलले नाही. आणि प्रसादने तुमच्यासाठी नाही, त्याच्या आईसाठी हात वर केला."

मी त्यांना सगळं सांगितलं. मावशींनी पर्स उघडली, रुमाल काढला आणि तोंडावर धरला. मग रुमाल बाजूला करून म्हणाल्या, "प्रसादच्या आईचा फोन नंबर घेऊन ठेव. तिला म्हणावं, पुढच्या वर्षी ये."

नुसतं कार्ड छापून बस येत नाही. पुढचे काही आठवडे मावशींनी फोनवरून अख्खी टाउनशिप पिंजून काढली. "टपालाने मतपत्रिका आली का? उघडली का? मागच्या बाजूला बसचं आहे, ते वाच. वाचून मग काय ते ठरव." कोणालाही 'हो' म्हण असं त्यांनी सांगितलं नाही. फक्त शेवटी विचारायच्या, "तुझ्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत गाडी न चालवणारं कोण कोण आहे?" प्रसाद दर रविवारी कार्डं घेऊन दारोदार फिरला. माझी मुलगी रिया त्याच्याबरोबर जायची. "मॉम, ही'ज लाइक अ टोटली डिफरंट पर्सन," असं तिने मला येऊन सांगितलं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिंडाचा फोन आला. प्रस्ताव पास झाला होता. थोडक्यात, अगदी निसटता, पण पास. मी मावशींना फोन लावला तर तो सारखा एंगेज. त्या साताऱ्याला फोन करून बहिणीला सांगत होत्या, की आमच्याकडे बस येणार. बहिणीला त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते कळेना. साताऱ्यात बस केव्हाची आहे.

यंदाच्या वसंतात बस सुरू झाली. उद्घाटनाला रिबन होती, भाषणं होती, रॉजर होते. मावशींना पहिल्या बाकावर बसवून सगळ्यांनी फोटो काढले आणि बस एक चक्कर मारून परत आली. त्या दिवशी मी तिथे होते. पण मला सांगायचंय ते त्यानंतरच्या आठवड्यातल्या मंगळवारचं.

मी घरून काम करत होते. पायजम्यात, केसांना क्लिप, टेबलावर सकाळची भांडी तशीच. दुपारी तीनच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. आमच्याकडे बेल फक्त पार्सलवाला वाजवतो. बाकी सगळे आधी मेसेज करतात, "येऊ का?" विचारतात, निघाल्यावर "निघालो" कळवतात. मी दार उघडलं तर मावशी उभ्या. मागे रस्त्यावर बस वळण घेऊन चालली होती.

"काय झालं मावशी? सगळं ठीक आहे ना? नितीन बरा आहे ना?"

"अगं, काही झालं नाही."

"मग?"

"काही नाही गं. सहज आले."

त्या दारातच उभ्या होत्या. धाप लागली होती आणि चेहरा असा फुलला होता, की मला आत या म्हणायचंही सुचेना. मग त्याच म्हणाल्या, "बाई, या देशात इतकी वर्षं काढली, पण कोणाकडे सहज अशी मी आजच आले. पुढची बस तासाभराने आहे. तोवर बसू ना? तुझं काम नाही ना अडत?"

माझी मीटिंग चालू होती. लॅपटॉपमधून कोणीतरी माझं नाव घेऊन काहीतरी विचारत होतं. मी आत जाऊन तो मिटला आणि चहाचं आधण ठेवलं.